न्हाणीच्या पाण्यावरची सहावी बाग

अक्कलकोट रोडवरच्या आमच्या गावात मुलींच्या शाळेला संडास आहे, पण त्याला पाणी नाही. ही लाज कुणाची, यावर मी दोन पत्रकं काढली होती. फरक शून्य. मग महिला मंडळानं शाळेच्या पाण्याच्या टाकीला पैसे जमवायला एक रविवार ठरवला: गावातल्या पाच बंगल्यांच्या बागा सगळ्यांना खुल्या, कूपन घ्या आणि बघा. त्याचंही पत्रक माझ्याच गळ्यात पडलं.

मी म्हटलं, सहावी बाग घाला. कामगार वसाहतीतल्या अक्कांची.

अक्का आमच्या शेजारच्या. घरात तेलुगू, दारात मराठी, आणि जन्मभर विड्या वळून वाकलेली बोटं. घरामागं जेमतेम दोन हात रुंदीची पट्टी. न्हाणीचं पाणी बाहेर पडतं तिथं अळू, पुढं केळ, कढीपत्ता, जास्वंद आणि कुंपणावर दोडका. घरात आंघोळी झाल्या की केळीचं भागलं, भांडी झाली की अळूचं. वेगळं पाणी थेंबभर नाही.

मंडळाच्या अध्यक्ष काकू म्हणाल्या, "अगं, सांडपाण्यावरची बाग पाहुण्यांना कशी दाखवायची? सोलापूरहून लोक येणारेत."

"आणि तुमची हिरवळ टँकरवर जगते, ती दाखवायची?"

"बघू पुढच्या वर्षी."

हे 'बघू' मी सरकारी कचेऱ्यांत इतकं ऐकलंय, की त्याचा अर्थ मला विचारावा लागत नाही.

शुक्रवारी काकूंच्या गुलाबांवर मावा पडला. कळ्यांवर हिरव्या किड्यांचा थर. अक्का तंबाखूची भुकटी भिजवून तिचं पाणी झाडांना मारतात, हे सगळ्या गावाला ठाऊक. काकू स्वतः वसाहतीत आल्या. मी अक्कांना आत ओढलं. "आधी पत्रकात बाग घालायला सांगा. मगच द्या."

"तू गप गं." अक्कांनी भरलेली बादली काकूंसमोर ठेवली. "ह्यात साबणाचा चुरा टाका वैनी, न्हायतर पानावर ठरायचं न्हाय."

काकू गेल्यावर मी फुटलेच. "लई भोळ्या आहात तुम्ही!"

"भोळी न्हाय. तेंचं गुलाब मेलं तर कूपन कोन घेनार? पोरींनी पान्याबिगर बसायचं व्हय?"

ते पटलं. राग मात्र तसाच होता, आणि तो मी रविवारपर्यंत जपून ठेवला.

रविवारी काकूंच्या बागेत ही गर्दी. एका बाईंनी विचारलं, "इतके स्वच्छ गुलाब! काय मारता?"

काकू घुटमळल्या. "आहे एक घरगुती औषध."

"ते औषध करणाऱ्या बाईंची बाग पलीकडच्या वसाहतीत आहे," मी सभेतल्या आवाजात म्हटलं. "पाच मिनिटांची वाट. चला माझ्यामागं."

पंधरा-वीस जण निघाले. बोळ इतका अरुंद, की एकामागं एक जावं लागलं. अक्का भांडी घासत होत्या. उठल्यासुद्धा नाहीत. "थांबा, ही कढई धुते. पानी कुटं जातंय ते बगा." पाणी चरातून गेलं, विटेपाशी वळलं आणि अळूत शिरलं. सगळे वाकून बघत होते.

"आमच्या फ्लॅटमध्ये कसं जमणार हे?" कुणीतरी म्हणालं.

"आंगुळ करता न्हवं? मग जमतंय की!"

हशा पिकला. तेवढ्यात काकूही येऊन पोचल्या. मी उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा आणि पेन पुढं केलं. "घाला सहावी."

"आत्ता? अर्धा कार्यक्रम संपला."

"अर्धा राहिलाय."

काकूंनी अळूकडं बघितलं, मग अक्कांकडं. अक्का ओल्या हातानंच म्हणाल्या, "लिवा की वैनी. हितं पायरीवर बसा, कोरडी हाय."

काकू बसल्या. पाचव्या बागेखाली त्यांनी लिहिलं: सहावी, अक्कांची परसबाग.

"न्हाणीच्या पाण्यावरची," मी म्हटलं. "तेही लिहा."

त्यांनी एकदा माझ्याकडं रोखून बघितलं. मग तेही लिहिलं, आणि अर्धा गठ्ठा माझ्या हातात दिला. "उरलेल्यांवर तू लिही. माझा हात एवढा भरभर चालत नाही."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि लिहायला लागले.