सात नंबरच्या पार्किंगमधला घोडा

घोडा नसताना अख्खा जन्म घोडेस्वार म्हणून काढलेला माणूस पुण्यात एकच झाला असेल आणि तो माझ्या बायकोचा मामा होता, हे मी कुठेही लिहून द्यायला तयार आहे. घोडा सोडून घोड्याचं सगळं मामांनी जमवलं होतं. वारज्याच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या जागी खोगीर होतं, खुंटीवर छत्रीशेजारी लगाम होता आणि स्वयंपाकघरात कुकरच्या बाजूला तोबरा, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची खाण्याची पिशवी. लगामाला दर रविवारी तेल लागायचं. मामांच्या डोक्याला लागलेलं मी कधी पाहिलं नाही. नवा जावई म्हणून मी पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा मला जमिनीवर बसवण्यात आलं, कारण घरातल्या एकुलत्या खुर्चीवर खोगिराच्या रिकिबी पुसून ठेवल्या होत्या. "सरकवल्या तर चालतील का?" असं मी विचारल्यावर मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढची दोन वर्षं त्या घरात खुर्ची हा शब्द काढला नाही.

मामा एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, त्यामुळे त्यांचं वेडही मापात होतं. फ्लॅट घेताना त्यांनी ना ओटा पाहिला, ना बाल्कनी. फाटकाची रुंदी मोजली, पार्किंगमध्ये उतरणाऱ्या उताराचा चढ मोजला आणि फरशीवरून टाप घसरेल का हे कळावं म्हणून भर दुपारी स्वतः हातापायांवर चालून पाहिलं. बिल्डरचा माणूस धावत पाणी घेऊन आला. लग्नाचंही तसंच. एका मुलीला पाहायला गेले असता त्यांनी एकच प्रश्न विचारला, घोड्याच्या वासाचा त्रास होतो का म्हणून. चहा संपायच्या आत नकार आला. निदान लग्नात तरी घोड्यावर बसायला मिळेल, असं नातेवाइकांनी आमिष दाखवलं, तेव्हा मामा म्हणाले, "तो भाड्याचा. परत द्यावा लागतो." आणि ते जन्मभर एकटे राहिले.

याचं मूळ त्यांनी मला एकदाच सांगितलं. लहानपणी ते स्वारगेटजवळ राहायचे आणि कोपऱ्यावर एका टांग्याचा घोडा उभा असायचा, डावा कान फाटलेला. शाळेत जाताना मामा आपल्या डब्यातला अर्धा घास त्याला द्यायचे. मोठा झालो की तुला न्यायला येईन, असं त्यांनी त्याला कानात सांगून ठेवलं होतं. एका उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर कोपऱ्यावर ना टांगा होता, ना घोडा. त्याचा रंग कोणता, असं मी विचारलं, तर मामा लगाम पुसायला लागले. मग कबूल केलं की आठवत नाही. एवढं प्रेम केलेल्या जनावराचा रंग विसरावा, ही गोष्ट त्यांना आयुष्यभर खात होती.

त्यांच्या सोसायटीत दरवर्षी पार्किंगचा फॉर्म भरावा लागे. मामांनी पहिल्याच वर्षी लिहिलं: वाहनाचा प्रकार, घोडा. नंबर, नाही. रंग, आल्यावर कळवीन. सेक्रेटरी सगळे फॉर्म स्कूटरच्या सीटवर ठेवून न वाचता सही करत, तशी यावरही केली. पुढच्या वर्षी त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा मामांनी शांतपणे जुना फॉर्म पुढे करून विचारलं, "सही आपलीच ना?" तेव्हापासून सात नंबरची जागा रीतसर घोड्याची झाली. भिंतीवर मामांच्या सुबक ड्राफ्ट्समनी अक्षरात पाटी लागली: 'ही जागा घोड्याची आहे. घोडा दिसत नाही म्हणून गाडी लावू नये.' सगळी सोसायटी हसली. सगळ्यांत जास्त मी हसलो.

माझं हसू हळूहळू कमी झालं. मामा रोज संध्याकाळी त्या जागेत घमेलंभर भिजवलेले हरभरे आणि बादलीभर पाणी ठेवत आणि सकाळी दोन्ही रिकामं असे. घुशी असतील, असं मी म्हणालो. मामा म्हणाले, घुशी खाल्ल्यावर सालं टाकतात, इथे एक साल दाखवा. मी वाकून शोधलं. नव्हतं. सोसायटीतली कुत्री प्रत्येक गाडीखाली झोपत, पण मोकळ्या, गार, सावलीतल्या सात नंबरमध्ये एकही झोपत नसे. पिवळ्या पट्ट्याशी येऊन ती वळसा घालून जात. आणि तिथे एक वास यायला लागला होता. गवताचा, घामाचा, चामड्याचा. आम्ही सगळेच तो ड्रेनेजचा आहे असं म्हणत होतो आणि ड्रेनेजचा नाही हे सगळ्यांना कळत होतं.

दुपारी एक ते चार सोसायटी झोपलेली असताना मामा खरारा करत. हातात ब्रश घेऊन हवेतच मानेपासून पाठीपर्यंत, मग वाकून पोटाखाली, आणि पलीकडे जायचं तर मागून चांगला चार हात लांबचा फेरा घेऊन. एका सुट्टीच्या दुपारी बायकोने दिलेला डबा घेऊन मी हडपसरहून आलो आणि जिना जवळ पडतो म्हणून सात नंबरमधून सरळ निघालो. "जावईबापू, जरा बाजूने," मामा हळूच म्हणाले. त्याच क्षणी माझ्या मानेवर गरम, ओलसर वारा आला. जमिनीखालच्या त्या पार्किंगमध्ये वारा कुठूनच येत नाही. रात्री कपडे धुवायला टाकताना बायकोने विचारलं, शर्टाच्या कॉलरला हरभऱ्यांचा वास कसा. मी म्हणालो, मामांकडे उसळ होती.

तुम्हाला वाटेल, मामांचं भागत होतं. नव्हतं भागत. त्यांना हाताला लागणारा, वजन असलेला, स्वतःच्या मालकीचा घोडा हवा होता आणि त्यावर एकदा बसायचं होतं. गुडघे जवळजवळ गेलेच होते. "या वर्षी बसलो नाही, तर मग राहिलंच," ते मला म्हणाले. मग गेल्या दसऱ्याच्या आधी त्यांनी हडपसरच्या एका म्हाताऱ्या घोडेवाल्याकडची पांढरी घोडी विकत घेतली. लग्नाच्या वरातींत तिचा जन्म गेला होता. बँड, ढोल, फटाके, नाचणारे मामे-काके, कशालाच ती भीत नव्हती.

दसऱ्याच्या सकाळी सगळे आपापल्या गाड्या धुऊन त्यांना झेंडूचे हार घालत होते. मामा चाळीस वर्षांपूर्वी शिवलेली घोडेस्वारीची ब्रीचेस नाडीने आवळून उभे होते. घोडी उतारावरून अगदी शहाण्यासारखी खाली आली आणि सात नंबरच्या पिवळ्या पट्ट्याशी थांबली. घोडेवाल्याने ओढलं, चुचकारलं, गूळ दाखवला. तिचं सगळं अंग थरथरत होतं. मग तिने कान पुढे केले आणि रिकाम्या जागेकडे तोंड करून हलकेच खिंकाळली, ओळखीचं कुणी भेटल्यासारखी. घोडेवाल्याने लगाम सैल सोडला आणि डोक्यावरची टोपी काढली.

"साहेब, जागा भरल्याली हाय," तो म्हणाला. "घरात जनावर असताना दुसरं कशापायी आणलं?"

"तुम्हाला दिसतो?" मामांनी विचारलं.

"मला न्हाई. हिला दिसतोय."

घोडेवाल्याने घोडी वळवून आठ नंबरपाशी उभी केली आणि मामांना म्हणाला, आता आलीच आहे तर एकदा बसून तरी घ्या. मामांनी तिच्या आयाळीत हात घातला. पाय रिकिबीत ठेवला. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते आता एका ढेंगेवर होतं. मी आधार द्यायला पुढे झालो, तेवढ्यात त्यांनी मान वळवून सात नंबरकडे पाहिलं आणि पाय काढून घेतला.

"नको," ते म्हणाले. "त्याला वाईट वाटेल. मी त्याला शब्द दिलाय."

घोडी गूळ खाऊन परत गेली. तिच्यासाठी आणलेला हार मामांनी सात नंबरमध्ये जाऊन, टाचा उंचावून, हवेत घातला. तो खाली पडला. फक्त लगेच पडला नाही, एवढंच मी सांगतो. सेक्रेटरींनीही ते पाहिलं, पण त्यांना विचारायची सोय नाही.

संक्रांतीनंतर एका दुपारी मामा झोपेतच गेले. बायको त्या दिवशी त्यांच्याकडे होती. बाहेरच्या खोलीत पडल्या पडल्या तिला उतारावरून वर चढत जाणाऱ्या टापा ऐकू आल्या. कुणाची तरी वरात असेल, असं तिला वाटलं, पण बँड कसा नाही म्हणून ती मामांना विचारायला आत गेली. मी हडपसरहून पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली. खुंटीवर छत्री होती, लगाम नव्हता. घरभर शोधला, मिळाला नाही. दिवाळीत मीच आणून दिलेला खराऱ्याचा नवा ब्रश मात्र खाटेखाली होता. त्याच्यात तांबूस, राठ केस अडकले होते. मामांचे केस तर कधीच पांढरे झाले होते.

ते घर आता आमच्याकडे आलं आहे आणि आम्ही तिथे राहायला आलो आहोत. मध्यंतरी पार्किंगचा फॉर्म आला. आता तरी गाडी लावा, असं सेक्रेटरी म्हणाले. मी प्रकारासमोर घोडा लिहिलं, नंबरासमोर नाही लिहिलं आणि मामांनी दरवर्षी पुढे ढकललेल्या रंगाच्या रकान्यात 'तांबडा' असं लिहिलं. शेऱ्यामध्ये लिहिलं, 'सध्या मालकासह बाहेर गेला आहे. जागा राखून ठेवावी.' सेक्रेटरींनी या वेळी फॉर्म दोनदा वाचला, सात नंबरकडे एक नजर टाकली आणि सही केली. माझी गाडी अजून रस्त्यावरच असते. संध्याकाळी मी हरभरे भिजवून घमेल्यात ठेवतो. सकाळी ते जसेच्या तसे असतात, आणि मला मामांची फार आठवण येते.