धर्माघरची उष्टी

तळेगावच्या देवळात मी चातुर्मासात पुराण सांगत असे. लढाई सुरू व्हायच्या आधीची ती दोन-तीन वर्षं. आवाज बरा होता आणि मिजास त्याहून मोठी. धर्मराजाच्या यज्ञात देवानं जेवणाऱ्यांची उष्टी काढली, हा प्रसंग तर माझा हातखंडा. उपरणं कमरेला खोचून मी वाकायचो आणि नसलेल्या पत्रावळी एकेक उचलून नसलेल्या टोपलीत टाकायचो. बायका डोळ्यांना पदर लावायच्या. मला फार बरं वाटायचं.

देवळात जेवणावळ झाली की खऱ्या पत्रावळी उचलायला वराळ्याची एक कुणबीण मावशी यायची. पुराण ती पायरीखाली बसून ऐके. एका वर्षी समाप्तीच्या जेवणाला तिनं नव्या सुनेला सोबत आणलं. पोरीचं माहेर खातंपितं होतं. लोकांची उष्टी काढायची म्हणून तिची मान वर होईना.

पंगत उठत होती. मी अजून पानावरच होतो. मावशी सरळ माझ्यापुढे आली, टोपली पुढे केली आणि सुनेला म्हणाली, "आता बघ. म्या सांगितलं न्हवतं? देवानं केलं त्ये आज बुवा सवता करून दावत्यात. मंग तुला कशाची लाज?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी निभावून नेलं असतं. सगळे खो खो हसले. मी ओरडलो, "सोवळ्यात आहे मी! शिवशील! हो बाजूला!"

मावशीचं तोंड एवढंसं झालं. सुनेनं तिच्या हातातून टोपली घेतली आणि ती पत्रावळी उचलायला लागली.

पुढच्या वर्षी तो प्रसंग मी गाळला. वेळ पुरला नाही, असं विचारणाऱ्यांना सांगितलं. समाप्तीला मावशी एकटीच आली. मी जेवून, हात धुऊन परत आलो, तर ती माझ्या पानापाशी उभी.

"बुवा, औंदा उष्ट्याची गोष्ट न्हाई सांगितली. सून म्हनती, खोटीच आसंल. खरी हाय न्हवं?"

खरी म्हणालो असतो, तर टोपली पुन्हा माझ्यापुढे आली असती. हे लिहितानाही माझे कान तापतात.

"नाही गं," मी म्हणालो. "सांगायची गोष्ट असते ती."

"बरं," ती म्हणाली आणि वाकून माझी पत्रावळ उचलली.