पोळ्याचे दोर
ओल्या अंबाडीचा वास आला की खामगावच्या दवाखान्यातलं बाकडं आठवतं. कापसाचं गाठोडं उचलताना बाबांच्या दंडाचा स्नायू कोपरापाशी हाडापासून तुटला होता. डॉक्टर म्हणाले, "शेजारच्या स्नायूला शिवला तर धोका नाही, हात वाकेल, पण पीळ देता येणार नाही. हाडाला भोक पाडून बांधला तर पीळ देता येईल. मात्र नस दुखावली तर बोटं उघडणार नाहीत." आईच्या येरझाऱ्या थांबेनात. "सोपं असन तेच करा," ती म्हणाली. बाबा उसळले, "मंग पोळ्याले बैलाचे दोर कोन वळन? हाडालेच बांधा!" पुढच्या पोळ्याला अंबाडीचे दोर त्यांनीच वळले आणि मूठ माझ्यापुढे धरली. मी एकेक बोट उघडून दोर सोडवला. अजूनही दोर हातात घेण्याआधी मी माझी बोटं उघडून बघते.