रामानं न वाचलेल्या ओळी

पुतळाबाईंच्या घरात एक रीत होती. पुरुषांनी भांडावं, शिव्या द्याव्यात, अंगावर धावून जावं. पण हत्यार उचलण्याआधी घरातल्या थोरल्या बाईला विचारायचं. सासू होती तोवर शब्द सासूचा. ती गेल्यावर तो पुतळाबाईंकडं आला. शेंद्र्याच्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणाऱ्या या घरात ही रीत कुणी पाडली, ते कुणालाच सांगता येत नसे. रागानं पेटलेल्या माणसाला विचारायला तरी थांबावं लागेल, एवढाच पाडणाऱ्याचा हेतू असावा.

पण पुतळाबाई थंड डोक्याच्या नव्हत्या. अंगानं किरकोळ, आवाज मात्र माळाच्या या टोकापासून त्या टोकाला पोचणारा. लांडगा आला की कुत्र्यांच्याही पुढं धावत. डाव्या पोटरीवर लांडग्याच्या दातांचे वण होते आणि आलेल्या पाहुण्याला चहाआधी ते दाखवले जात.

दहा वर्षांपूर्वी त्यांचा थोरला मुलगा राम मोटारसायकलवरून पडला. पाय तीन महिने प्लास्टरमध्ये. दिवस जावा म्हणून त्यानं शहागंजच्या जुन्या बाजारातून एक प्लेस्टेशन आणला आणि घरातल्या टीव्हीला जोडला. त्याबरोबर एकच गेम होता. बर्फाच्या डोंगरात राहणारा एक मेंढपाळ, त्याची मेंढरं, आणि ती लुटायला येणारी माणसं. मेंढरं दिसली तशा पुतळाबाई निवडायचं सूप घेऊन जवळ सरकल्या. मेंढपाळाला त्यांनी ‘गोऱ्या’ नाव ठेवलं.

या गेमची गंमत अशी, की जागोजागी तो थांबे आणि आता काय करू, असं विचारी. खाली इंग्रजी ओळी येत. शेजारी एक गोल हळूहळू रिकामा होई. तो संपायच्या आत ठरवावं लागे. जसं ठरवावं तशी पुढची गोष्ट घडे. राम सातवीपर्यंत शिकलेला. तो वाचून सांगे, पुतळाबाई ठरवत.

मेंढवाड्याच्या फाटकाशी लाल दाढीचा एक माणूस कुऱ्हाड घेऊन उभा राहिला, तेव्हा राम ओरडला, “माय, लवकर सांग! मार का पळ?”

“मेंढरं टाकून पळतं का कुणी? मार!”

गोऱ्याची कुऱ्हाड लाल दाढीवाल्याच्या मानेत रुतली. रक्ताची चिळकांडी बर्फावर उडाली. मागून त्याची माणसं आली, तीही पडली. एकाचा हात कोपरातून तुटला, एक पोट धरून रांगत राहिला. पुतळाबाईंनी मांडीवर थाप मारली. मग उरलेल्यांनी रात्रीतून वाडा पेटवला. मेंढरं जळाली, झोपडीतलं लेकरू जळालं. शेवटी गोऱ्या एकटाच राखेत गुडघ्यावर बसला.

“हे काय रे? परत लाव.”

पाच-सहा वेळा लावून पाहिलं. दर वेळी मार, आणि दर वेळी राख.

“असाच हाय गेम, माय,” राम म्हणाला. “दुसरा शेवटच नाय त्याला.”

पायाचं प्लास्टर निघालं आणि प्लेस्टेशनचा डबा कपाटावर गेला.

चार वर्षांनी मेंढरं काकासाहेबांच्या ज्वारीत शिरली. काकासाहेब शेजारच्या वस्तीवरचे, शाळेची बस चालवणारे. काठी घेऊन आले आणि त्यांनी दोन कोकरांची डोकी फोडली. रामानं भंगारातली लोखंडी सळई उचलली आणि वळून विचारलं, “माय?”

“मार,” पुतळाबाई म्हणाल्या.

पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. काकासाहेब ज्वारीत पडले तेव्हा त्यांचा डावा डोळा गेलेला होता. कोर्टात रामाला विचारलं, कुणाच्या चिथावणीनं केलंस? राम म्हणाला, “कुणाच्या नाय.” पुतळाबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. सात वर्षांची शिक्षा झाली. रामाची बायको रूपा एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटू लागली. धाकटा मुलगा त्रिंबक कंपनीतली नोकरी सांभाळून उरलेली वीस मेंढरं बघू लागला.

यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत रामाची मुलगी अंबिका हिनं कपाटावरचा डबा काढला. ती दहावीत. इंग्रजीत वर्गात दुसरी.

“आज्जे, पप्पांचा गेम अजून चालतोय!”

पुतळाबाई जवळ येऊन बसल्या. गोऱ्या तसाच होता, एका वर्षानंही म्हातारा झाला नव्हता. फाटकाशी लाल दाढीवाला आला आणि त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, “मार.”

“थांब की. चारी तर वाचू दे.”

“चार कुठले? दोनच हायत. मार, नायतर पळ.”

“चार हायत, आज्जे. मार. पळ. काही बोलू नको. आणि ही शेवटची, मोठी ओळ... तुझं काय गेलंय, ते त्याला विचार.”

“तुझ्या बापानं दोनच सांगितलं होतं.”

अंबिका खुदकन हसली. “पप्पांना लांब ओळी वाचता येत नसतील. किल आणि रन, तेवढंच ओळखीचं. बाकीच्या सोडून दिल्या.”

पुतळाबाई हसल्या नाहीत. तोवर गोल संपला, आणि मुकाट उभ्या राहिलेल्या गोऱ्याच्या छातीत कुऱ्हाड बसली.

“परत लाव. ते शेवटचं दाब.”

गोऱ्यानं विचारलं. लाल दाढीवाला सांगू लागला, अंबिका मराठीत सांगत गेली. मागच्या हिवाळ्यात गोऱ्याच्या भावकीनं त्या दाढीवाल्याचा मुलगा मारला होता. सांगून झाल्यावर त्यानं गोऱ्याचा हात फाटकावर दाबून धरला आणि दोन बोटं छाटली. बोटं बर्फात पडली. अर्धी मेंढरं हाकून तो निघून गेला. रात्र झाली. वाडा पेटला नाही. झोपडीतलं लेकरू झोपलेलं होतं.

“ईऽऽ, बोटंच तोडली!” अंबिका म्हणाली.

“दोनच,” पुतळाबाई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी भाकरी अर्धीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या सुमारास मेंढरं ओरडली. पुतळाबाई धावल्या तोवर काकासाहेबांचा मुलगा सत्यम लोखंडी पाइप घेऊन वाड्याबाहेर पडत होता. आत तीन मेंढ्या आडव्या. एकीची कवटी फुटून मेंदू मातीत आलेला. एक मोडलेल्या पायावर उठायचा प्रयत्न करी आणि पुन्हा तोंडावर पडे. तिसरीच्या पोटात पिल्लू होतं आणि पाइप नेमका तिथंच बसला होता.

त्रिंबकनं त्या मेंढीची मान स्वतःच्या हातानं चिरली, कारण तिचं ओरडणं ऐकवत नव्हतं. कोपरापर्यंत लाल हात घेऊन तो आईपुढं उभा राहिला.

“तीन वाजता त्याची शिफ्ट सुटते. नाक्यावर गाठतो. तू फक्त व्हय म्हण.”

“आधी हात धू.”

“माय, व्हय का नाय?”

“तीनला लई टाइम हाय,” पुतळाबाई म्हणाल्या. मेलेल्या मेंढ्या पुरून दोन वाजता त्या पदर खोचून एकट्याच बाहेर पडल्या.

काकासाहेब अंगणात खाटेवर बसले होते. पुतळाबाईंना पाहून उठले.

“कशाला आलीस? मेंढरांचे पैसे मागायला?”

“नाय. तुमचं काय गेलं, ते विचारायला आले.”

“डोळा गेला. दिसत नाय तुला?”

“आनखी?”

काकासाहेब पुन्हा खाटेवर बसले. मग बोलू लागले आणि थांबेनात. बस गेली. एका डोळ्याच्या माणसाला कोण गाडी देणार? सत्यम बारावीतून उठला, कंपनीत मशिनवर उभा राहिला. राम पुढच्या वर्षी सुटणार कळल्यापासून त्याचं डोकं ठिकाणावर नाही. पाण्याचा पेला धरायला गेलं तर हात पेल्याच्या अलीकडंच मिटतो. नातेवाइकांच्या लग्नात कोणी शेजारी बसत नाही.

“आन्‌ एक ऐक,” ते म्हणाले. “पहिला घाव बसायच्या आधी, ज्वारीआड कोण ते दिसलं नाय, पण कानांनी ऐकलंय मी. बाईमाणूस ‘मार’ म्हणालं. पोलिसांना सांगितलं, वकिलाला सांगितलं. सगळे म्हणाले, मार लागल्यावर भास होतो. सहा वर्षं मला खुळ्यात काढलंय. कोण म्हणालं ते?”

पुतळाबाई एक पाऊल पुढं सरकल्या.

“मी म्हणाले,” त्या म्हणाल्या. “पोराचा हात, शब्द माझा.”

काकासाहेबांनी खाटेखालची काठी काढली. पहिला तडाखा दंडावर बसला. दुसरा गळ्याजवळच्या हाडावर, आणि ते मोडल्याचा आवाज दोघांनाही ऐकू आला. पुतळाबाई गुडघ्यावर आल्या. तिसऱ्यानं कपाळ फुटलं. त्यांनी हात वर केला नाही. चौथ्या वेळी काकासाहेबांचा अंदाज चुकला. काठी दाराच्या चौकटीवर आदळून मधोमध तुटली. हातातल्या तुकड्याकडं बघत ते मटकन खाली बसले आणि धापा टाकू लागले.

“जा,” ते म्हणाले. “जा इथून.”

“जाते. तुमच्या पोरालाबी कुणीतरी थांबवा. माझा ऐकंल का नाय, मला म्हाईत नाय.”

फाटकातून बाहेर पडताना त्यांना मागून आवाज ऐकू आला. काकासाहेब फोनवर बोलत होते. “सत्यम, शिफ्ट सुटली की सरळ घरी ये. कुठं थांबू नको. मी सांगतोय म्हणून ये.”

घरी त्रिंबक उंबऱ्यावर कुऱ्हाड मांडीवर घेऊन बसला होता. आईचं रक्तानं माखलेलं तोंड पाहून ताडकन उठला.

“कुणी?”

“काकासाहेबांनी. मी मारून घेतलं. कोर्टात सांगायचं राहिलं होतं, ते सांगून आले.”

“आता तरी व्हय म्हण!”

“नाय.”

“तुला मारलं! तरीबी नाय?”

“नाय म्हणाले ना.”

“मग मी काय करू? सांग की, काय करू मी?” त्रिंबक ओरडला आणि त्यानं कुऱ्हाड अंगणातल्या बाभळीच्या ओंडक्यावर घातली. एकदा, दोनदा, सात-आठ वेळा. ढलप्या उडाल्या. एक अंबिकाच्या गालाला चाटून गेली आणि रक्ताची रेघ उमटली. कुऱ्हाड ओंडक्यात अडकली. दांडा उपसताना त्याच्या तळहाताची साल निघाली. तो हंबरडा फोडून रडला. पुतळाबाई रडणं संपेपर्यंत थांबल्या.

“गळ्याचं हाड मोडलंय,” मग त्या म्हणाल्या. “गाडी काढ. मला दवाखान्यात ने.”

मोटारसायकलवर अंबिका मागं बसली, आजी मधे. नाक्यावर पहिल्या शिफ्टची माणसं सुटत होती आणि समोरून सत्यम सायकलवर येत होता. त्रिंबकनं कचकन ब्रेक दाबला. सत्यमही एक पाय टेकून थांबला. पुतळाबाईंच्या फुटलेल्या कपाळाकडं बघून त्याचा चेहरा उतरला.

त्रिंबकच्या मुठी हँडलवर पांढऱ्या पडल्या होत्या.  पुतळाबाईंनी काही सांगितलं नाही. सांगायचं ते घरी सांगून झालं होतं.

“तुझ्या बापानं हिला फोडलं,” त्रिंबक घोगऱ्या आवाजात म्हणाला. “तू माझी मेंढरं फोडली. आजून काय राह्यलंय का तुझं? आसंल तर आत्ताच सांग.”

सत्यमनं सायकलचं हँडल रस्त्याच्या कडेला वळवलं. मागं एक ट्रक हॉर्न वाजवू लागला.

“पाय मोडलेली मेंढी जगंल,” तो खाली बघत म्हणाला. “हाड एकाच जागी मोडलंय. बांबूच्या कामट्या घट्ट बांधा.”

त्रिंबकनं त्याला आईवरून एक सणसणीत शिवी हासडली आणि गाडी पुढं काढली.