डांबरावर राहिलेला फोर-व्हील

लिंबागणेशजवळच्या माळावर आमचा ड्रायव्हिंग कॅम्प लागला तेव्हा मी लान्स नायक होतो. गावात एसटीडीचा पिवळा बूथ नुकताच आला होता. पावसाळा चालू होता. रस्ता ठिगळांचा: थोडं डांबर, थोडी काळी माती, पुन्हा डांबर. शिकायला असाच रस्ता पाहिजे, असं हवालदार विश्वनाथ म्हणत. ते आमचे इन्स्ट्रक्टर, गाव जवळचंच, चौसाळा. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो.

लष्कराच्या वन टन गाडीला फोर-व्हीलचा वेगळा लिव्हर असतो. चिखलात लावायचा, डांबर आलं की काढायचा. लावलेला असला की पुढची-मागची चाकं एकाच वेगाने फिरतात. वळणावर पुढच्यांना जास्त अंतर कापावं लागतं. चिखलात चाकं थोडी घसरून निभावून नेतात. कोरड्या डांबरावर ती घसरत नाहीत आणि सगळा पीळ चाकं फिरवणाऱ्या शाफ्टवर बसतो. म्हणून ड्रायव्हरने मोठ्याने 'फोर इन', 'फोर आऊट' म्हणायचं आणि शेजारच्याने ते परत म्हणायचं, हा उस्तादांचा नियम. विसरणाऱ्याला ते गाडी धुवायला लावत, आणि वर स्वतःच चहा पाजत.

त्या दिवशी दुपारी चौदा दहाला तंबू उचलताना उस्तादांना नाग चावला. वायरलेसवर मेजर साहेबांचा हुकूम आला: "कुठं थांबू नका. सरळ बीड सिव्हिल." मी गाडी काढली. मागे उस्ताद आणि नर्सिंग असिस्टंट. शेजारची सीट रिकामी.

फोर लावून पहिला चिखल पार केला, डांबर लागलं. चाकं करकरायला लागली.

"फोर काढ बे," मागून उस्ताद म्हणाले.

"उस्ताद, पुढं परत चिखलच आहे."

खरंच होता. दर ठिगळाला वेग कमी करून लिव्हरची काढ-घाल केली तर मिनिटं जाणार, असा माझा विचार. शहाणपण मला नको तिथे सुचतं. मग लांब कोरडं डांबर आलं.

"आरं काढ. तुटंल."

त्यांची जीभ जड झाली होती. मला वाटलं, विष चढलंय, बरळतायत. तरी लिव्हर ओढून पाहिला. पीळ बसून घट्ट झाला होता. थोडं रिव्हर्स घेतलं की सुटतो, हे त्यांनीच शिकवलेलं. मी थांबलो नाही.

चौदा पन्नासला एका वळणावर खाडकन आवाज झाला. पुढचा शाफ्ट तुटून गिअरबॉक्सवर आदळला आणि गाडी जागीच उभी राहिली. मी वायरलेसवर दुसरी गाडी मागितली. ती तासाभराच्या अंतरावर होती. एक टेम्पो मिळाला, तो पंधरा पंचवीसला. बीडची घरं दिसायला लागली तेव्हा उस्तादांचा श्वास थांबला. नर्सिंग असिस्टंटने घड्याळ पाहिलं. पंधरा पन्नास.

चौकशीच्या कागदावर 'यांत्रिक बिघाड' असं आलं. मी सही केली. त्यांची ट्रंक घेऊन चौसाळ्याला मीच गेलो. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "भाऊ, तुमी लई पळापळ केली. देवाच्या मनातच न्हवतं." मी नुसते हात जोडले. आता त्याही नाहीत. खरं सांगायला कुणी उरलं नाही.

लढाईत पडलेल्यांची नावं दगडावर कोरतात. उस्तादांचं कुठेच नाही, म्हणून इथे लिहितो. हवालदार विश्वनाथ, गाव चौसाळा. त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं.