पुस्तकातल्या पैलवानाचं नाव

नगरला विड्या वळाया आमी चौघी एका वट्यावर बसायचो: मी, हौसा, सोनाबाई आन् मरियम. लढाईचे दिवस हुते. बंडलं गुंडाळाया कागद लागायचा, तो एक रद्दीवाला चाचा गोऱ्यांच्या क्यांपातनं आनायचा. त्यात चित्रांची पुस्तकं असायची. चाचाला इंग्रजी येत न्हवतं, तरी चित्रावर बोट ठिवून खुशाल वाचायचा. वाक्यागनिक "सुनो बाई" म्हनायचा.

एका पुस्तकात उडनारा पैलवान हुता. चाचानं त्याला आपलं एक नाव दिलं, ते नेमकं माझ्या मालकाचं निघालं. मालक पलटनीत गेल्ते, सा म्हैनं कागुद न्हवता. नवऱ्याचं नाव तोंडानं कसं घ्यायचं? म्या इचारलं, "मंग ह्यांनी काय केलं?"

हौसा खदाखदा हसली. "अगं बया, तुझं ह्ये चड्डी वरनं घालून उडत्यात व्हय!"

चाचा हसला न्हाई. त्या दिसापासनं पैलवान बदलला. आदी नुसत्या मारामाऱ्या करायचा, आता भाकरी खायचा, घराकडं उडायचा. गोळी त्याला लागतच न्हवती.

एकदा चाचानं पान उलटलं. पैलवान पालथा पडल्याला, येवढं मला दिसलं. चाचानं ते पान फाडून खिशात घातलं. म्हनला, "ह्यो येगळा मानूस हाय, बाई. ह्याचं नाव दुसरं."

मालक परत आले न्हाईत. तुमाला इंग्रजी येत असंल आन् तसलं पुस्तक कुटं घावलं, तर तो गडी फुडं उठला का, येवढं मला सांगा.