बंद गळ्याचा कोट

माणसाचा आवाज खोटं बोलत नाही, असं मी बरीच वर्षं मानत आलो. आमच्या गावच्या रेडिओवर दर गुरुवारी एका कर्तबगार गावकऱ्याची मुलाखत असते. मागच्या आठवड्यात निवृत्त मुख्याध्यापक होते. रेडिओवर कोट दिसत नाही, तरी त्यांनी या मुलाखतीसाठी खास बंद गळ्याचा कोट शिवून घेतला होता. तो शिवणाऱ्या बबन टेलरच्या दुकानातच मी मुलाखत ऐकत होतो.

"मी विद्यार्थ्यांवर कधी हात उगारला नाही," सर म्हणाले.

बबनने मशीन थांबवलं. सातवीत सरांच्या थपडेने त्याचा डावा कान कायमचा गेला आहे.

"गळा अर्धा इंच कमी धरलाय, काका. अन् कोट दिला ऐनवेळी. आता ऐका कसे गुदमरतात ते."

सूड म्हटला की आपल्याला तलवारी आठवतात. बहुतेकांच्या वाट्याला अर्धा इंच येतो.

विद्यार्थ्यांच्या आठवणी सांगताना सरांचा आवाज खरंच दाटला, शब्द अडकू लागले. बबन उजवा कान रेडिओला लावून हसत होता.

"सावकाश, सर," निवेदिका हळवी होऊन म्हणाली. "पाणी घ्या."

लोकाग्रहास्तव ती मुलाखत रविवारी पुन्हा ऐकवली.